सोमवारपर्यंतचा शब्द

मित्रांनो, बटण दाबलं की आधी जरा खाकरून मग बोलायला लागणारा एक जुना टेपरेकॉर्डर आहे मी. कारखान्यातून निघालो तेव्हा गाणी वाजवायची स्वप्नं पाहत होतो. नशिबात आला तो इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीतला मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग. आज वाटतं, बरंच झालं.

वर्ग घेणाऱ्या बाई शिस्तीच्या. त्या रोज एखादा इंग्रजी वाक्प्रचार द्यायच्या. प्रत्येकाने तो वाक्यात वापरायचा, ते वाक्य माझ्यासमोर बोलायचं आणि मी ते परत ऐकवायचं. अट एकच, वाक्य खरं हवं. "जे करणार नाही, ते बोलू नका," असं त्या बजावायच्या. त्यामुळे शिंपीणकाकू काय नि बसचालक काका काय, सगळे जपून बोलायचे. त्यांचे अडखळणारे आवाज मला फार आवडायचे.

एक दिवस माझा आतला, चाकं फिरवणारा रबरी पट्टा तुटला. कॅसेट फिरेना. बाईंनी हात टेकले आणि मला भंगारात द्यायचं ठरवलं. त्या दिवशी फळ्यावर वाक्प्रचार होता 'आय गिव्ह यू माय वर्ड', म्हणजे मी शब्द देतो.

मागच्या बाकावरून दुरुस्तीवाले मामा उठले. पंखे, मिक्सर, घड्याळं त्यांच्याकडे यायची आणि तिथेच मुक्कामाला राहायची. कुणी मागायला गेलं, की मामा "उद्या देतो" म्हणायचे. म्हणून सगळे त्यांना उद्यामामाच म्हणत.

"आय गिव्ह यू माय वर्ड," मामा म्हणाले, "आय विल रिपेअर धिस मशीन बाय मंडे."

वर्गात हशा पिकला. बसचालक काकांनी लगेच मागच्या आठवड्यातला वाक्प्रचार बाहेर काढला. "आय हॅव माय डाउट्स. मामा, माझा पंखा दोन उन्हाळे तुमच्याकडे आहे."

मामांचा चेहरा उतरला. मला त्यांचं वाईट वाटलं.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "गिव्ह हिम द बेनिफिट ऑफ द डाउट. म्हणजे शंका असली, तरी तूर्त माणसाच्या बाजूने उभं राहायचं. न्या मामा. सोमवारी झालं नाही, तर भंगारवाला आहेच."

माझा जीव टांगणीला लागला. मामांच्या दुकानात मला फळीवर ठेवलं, त्या पंख्याच्या शेजारी. त्याच्या पात्यांवर बोटभर धूळ होती. ती पाहून माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मामांनी बाजार पालथा घातला. माझ्या मापाचा पट्टा आता कुणी बनवतच नव्हतं.

सोमवारी मामा वर्गात आले, ते मला झाकण काढून ताटात घेऊन.

"झाला का?" बाईंनी विचारलं.

"नाही. पट्टा मिळत नाही. पण सोमवार अजून संपला नाही, बाई. इथंच बसतो."

वर्ग सुरू झाला आणि मामा कोपऱ्यात पट्ट्यासाठी सायकलच्या ट्यूबच्या बारीक कड्या कापू लागले. पहिली सैल निघाली, माझा आवाज झोपेतल्यासारखा आला. दुसरी इतकी घट्ट, की माझी मोटर कण्हू लागली. तेव्हा शिंपीणकाकूंनी आपली धारदार कात्री पुढे केली. बसचालक काका उठले आणि माझं चाक धरून बसले. वर्ग सुटला, तरी कुणी हललं नाही. शेवटी कॅसेट फिरली आणि काकूंचं एक जुनं वाक्य खणखणीत ऐकू आलं. माझा जीव भांड्यात पडला.

"आता पंख्याचं बघा, मामा," काका म्हणाले.

मामांनी कात्री काकूंना परत दिली. "त्याची मोटर जळाली आहे. तो नाही व्हायचा. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग सांगायचं की हो," काका हसून म्हणाले. "नवीन घेतला असता."

मित्रांनो, त्या पट्ट्यावर मी अजून बोलतो आहे. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा. आणि दुरुस्त करतो म्हणणाऱ्याला थोडी सवड द्या. मला ती मिळाली, म्हणून मी आहे.

परवा बाईंनी विचारलं, "अजून किती चालेल हो हा?"

मामांनी कान लावून माझी मोटर ऐकली. "आय कान्ट प्रॉमिस," ते म्हणाले. "पण बंद पडला तर हाक मारा. मी येईन."

यावेळी कुणी हसलं नाही.