ठमीची तपासणी

"हे बघ, पाळणाघराच्या फॉर्ममध्ये एकही रकाना रिकामा ठेवू नकोस. रिकामा दिसला की परत पाठवतात," सीमेवरच्या चौकीकडे निघताना नवऱ्याने बजावले होते.

छावणीच्या भांडारात सात वर्षे कारकुनी केलेल्या बाईला हे सांगायला हवे का? आठ महिन्यांच्या ठमीच्या फॉर्मवर 'विशेष माहिती' असा रकाना आला आणि तिचा हात सवयीने चालला. 'रात्री दोनदा मोठा आवाज. खालून गळती. डावा मोजा कायम गहाळ. एरवी चालू स्थितीत.'

टपाल वाटणाऱ्याने नेमके तेवढेच वाचले आणि कागद थेट वर्कशॉपला धाडला. पंधरा दिवसांनी उत्तर आले: 'वस्तू तपासणीसाठी हजर करावी.'

सोमवारी रजा संपत होती. ठमीला काखेत मारून ती वर्कशॉपमध्ये थडकली. मिस्त्रीकाकांनी कागद पाहिला, ठमीला पाहिले. ठमीने त्यांचा चष्मा ओढला.

"पकड मजबूत आहे," काका गंभीरपणे म्हणाले आणि शेरा मारला: 'दुरुस्तीची गरज नाही. आवाज भुकेचा.'

तो वाचून पाळणाघराच्या बाई पोट धरधरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण ताई, शेवटची जागा आत्ताच गेली हो."

तिचा चेहरा एवढासा झाला. आता सोमवारी लेकराला काय फळीवर मांडून ठेवायचे?

ती जागा मिळालेली बाई, लष्करी ट्रक चालवणारी, पोरीला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. "ड्युटी किती वाजता गं तुझी?"

"सात ते एक."

"माझी दुपारी दोनला. मग जागा अर्धी अर्धी करू की! सकाळी तुझी ठमी, दुपारी माझी ढब्बू. पण मी परतते सातला, आणि हे बंद होतं पाचला."

"मी नेईन तिला घरी. रोज. शब्द देते."

"चावते हं ती."

"फॉर्ममध्ये लिहिलंस?"

"वेडी आहे का मी? तो रकाना कोराच ठेवलाय."

बाईंनी नियमांची वही दोनदा चाळली. एका जागेवर एका वेळी एकच मूल, एवढेच लिहिले होते. "बसतंय," त्या म्हणाल्या. ठमीच्या आईने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

सोमवारी पावणेपाचला ठमी गाढ झोपली होती, आईचेही डोळे मिटत होते. तिने ठमीला अलगद खांद्यावर घेतले, आवाज न करता दार ओढले आणि पाळणाघराच्या वाटेला लागली.