ताटातली शिक्षा

बायकांच्या त्या तुरुंगात तिला सगळ्या टाचणी म्हणत. अंगाने काडी आणि बोलायला टोचरी. बाहेर ती कपडे शिवायची. रागाच्या भरात दिराला कात्री मारून बसली आणि आत आली.

पायाची जखम काही केल्या भरेना, म्हणून तुरुंगाच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. मधुमेह निघाला. डॉक्टर भला माणूस. गोळ्या देत म्हणाले, "साखर बंद. पाव, बटाटा कमी. पालेभाज्या, कडधान्यं खात जा."

"बरं," टाचणी म्हणाली. "मग पिशवी द्या, मंडईत जाऊन येते."

डॉक्टर हसले, पण क्षणभरच. सकाळी साखर घालूनच उकळलेला चहा आणि पांढरा पाव, दुपारी बटाट्याचं पातळ कालवण आणि पाव, संध्याकाळी पुन्हा तेच, हे त्यांनाही ठाऊक होतं. आतल्या दुकानात मिळायची ती बिस्किटं आणि रंगीत सरबतं. त्यांनी अधीक्षक बाईंच्या कानावर घातलं. बाई म्हणाल्या, "वरून ठरलंय ते सगळ्यांना सारखं. एकीला वेगळं दिलं, की उद्या सगळ्या रांग लावतील."

मग टाचणीने आपल्यापुरता मार्ग काढला. चहा सोडला, अर्धा पाव ताटात टाकायला लागली. गोळी मात्र न चुकता घ्यायची. अर्धपोटी गोळीने व्हायचं तेच झालं, रक्तातली साखर एकदम उतरली. तुरुंगाच्या शिवणखात्यात शिवण करता करता घामाने डबडबली आणि यंत्रावरच कोसळली. शुद्धीवर आली, तर वर आरोप तयार: अन्नत्याग करून शिस्त मोडली.

तुरुंगाच्या पाहणीला न्यायाधीश आले, तेव्हा तिला त्यांच्यापुढे उभं केलं.

"जेवण का टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"जगायचं होतं म्हणून, साहेब. तुम्ही लोकांनी मला कैद सांगितली. पाय कापायची आणि आंधळं करायची शिक्षा कुणी सांगितली नव्हती. ती मला रोज ताटात वाढतात."

अधीक्षक बाई चुळबुळल्या. डॉक्टर मात्र न विचारताच बोलले, "खरं आहे. माझी गोळी आणि हिचं ताट रोज भांडतात. बाहेरचा माणूस पथ्य पाळत नाही, असं म्हणता येतं. हिला पाळायची सोयच नाही. आणि अशी ही एकटी नाही."

न्यायाधीशांनी आरोप रद्द केला, आणि सगळ्या कैद्यांचं जेवण नव्याने ठरवायचा हुकूम दिला. हुकमाला ताटापर्यंत पोचायला वर्ष सरत आलं. तोवर टाचणीचा डावा डोळा अंधुक झाला होता.

शेवटी भरड धान्याचा पाव आला. शेंगा आल्या, पालेभाजी आली. आणि चहा बिनसाखरेचा झाला. पहिल्याच सकाळी शेजारच्या खाटेवरच्या मावशीने पेला आपटला. मावशी जन्मठेपेची. तिला भेटायला कुणी येत नसे.

"तुझ्या दुखण्यापायी आमच्या तोंडचं काढलंस गं!" ती ओरडली. "या भिंतींत गोड म्हणून एवढंच होतं मला."

टाचणीच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण तिने ते गिळलं. दिवसभर शिवताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. मला न विचारता साखर पाजली म्हणून मी भांडले. आता हिला न विचारता काढून घेतली. मग फरक काय राहिला?

संध्याकाळी ती अधीक्षक बाईंकडे गेली. "बाई, चहा बिनसाखरेचाच उकळा. पण साखरेचा डबा बाजूला ठेवा. जिला हवी तिला घेऊ द्या."

"तूच भांडलीस ना गं साखरेशी?"

"साखरेशी कुठे भांडले? आमच्यापुढे दुसरं काही ठेवत नव्हता, त्याच्याशी भांडले."

बाईंनी स्वयंपाकघरात निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी डबा आला. बऱ्याच जणी आधीइतकीच साखर घेत राहिल्या, काहींनी कमी केली. मावशी तर टाचणीकडे बघत, मुद्दाम शीग लावून चमचा भरायची.

पुढे डॉक्टरांनी सगळ्यांचंच रक्त तपासायला घेतलं. मावशी आधी नाही म्हणाली, मग आली. सुई टोचताना तिने शेजारी उभ्या टाचणीचा हात धरला.

"वाईट निघालं, तर सांगशील ना काय खायचं ते?"

"सांगेन की. पण खायचं का नाही, ते तुझं तू ठरव."

मावशीने हात सोडला नाही.