लोर्नाच्या बाजूचा चोक

डेन्झिल पॅस्कोला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याचा डावा हात गेला आणि बोलणं जड झालं. बोलण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आधी तो दिवसाला चार शब्द बोलायचा, नंतर तीन बोलायला लागला. हात गेला हे मात्र वाईट झालं, कारण त्याच्या यूट गाडीचा चोक डाव्या हाताला होता.

मी त्यांची शेजारीण, व्हॅलमे. मधे फक्त पत्र्याचं कुंपण, आणि माझ्या कपडे धुवायच्या खोलीची खिडकी नेमकी त्यांची गाडी उभी असते तिथे उघडते. लोक म्हणतात व्हॅलमेला फार चौकशा. चौकशा नाहीत हो, खिडकी आहे.

ती यूट म्हणजे जुनी होल्डन. पुढे बसायला एक सलग बाक, मागे उघडा हौदा, रंग कधीकाळी पिवळा असावा. कार्ब्युरेटरवालं इंजिन. गार सकाळी ते चालू करणं म्हणजे एक सोहळाच असायचा. गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून चोकचं बटण बाहेर ओढायचं आणि धरून ठेवायचं, कारण ते इतकं झिजलं होतं की सोडलं की आत पळायचं. मग पेडल दोनदा दाबायचं, किल्ली फिरवायची. इंजिनाने धरलं तरी बटण एकदम सोडायची सोय नाही. इंजिन तापेल तसतसं ते अगदी केसाएवढं आत जाऊ द्यायचं, पार वॉलरूच्या रस्त्याला लागेपर्यंत. घाई केली की गाडी खोकून बंद पडायची. उशीर केला की काळा धूर, आणि माझ्या दोरीवरच्या चादरींना पेट्रोलचा वास. त्यावरून मी डेन्झिलला कुंपणावरून किती बोलले असेन याला गणती नाही. तो टोपीला हात लावायचा आणि निघून जायचा.

जायचा कुठे, तर धक्क्यावर. रोज. समुद्रात गळ टाकून बसायला.

झटक्यानंतर डॉक्टरांनी त्याला दिवसाउजेडी, गावापुरती गाडी चालवायला परवानगी दिली. गिअर आपोआप पडणारे होते, आणि मुलाने, ब्रेंटनने, स्टिअरिंगला एका हाताने फिरवायची मूठ बसवून दिली. राहिला चोक. पहिल्या दिवशी डेन्झिलने बटणाला कपड्यांचा चिमटा लावून बघितला. अशा गाड्यांचे सगळेच मालक लावतात. पण चिमटा धरून ठेवतो, हळूहळू सोडायचं त्याला कळत नाही. यूट कोपऱ्यावर जाऊन बंद पडली. मी खिडकीतून बघत होते. तो उतरला नाही, मदतीला कोणाला हाक मारली नाही, नुसता समोर बघत बसून राहिला. पॅस्को घराण्यात मागणं नाही. बोट तुटलं तरी चालेल, पण पट्टी मागणार नाहीत.

तेवढ्यात लोर्ना बाहेर आली. त्याची बायको. अंगात झोपायचा गाऊन, त्यावर त्याचाच कोट, पायात सपाता. भर रस्त्यातून चालत गेली, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसली.

"तू किल्ली बघ," ती म्हणाली. "चोक मी बघते."

तेव्हापासून रोज सकाळी ती त्याच्याबरोबर जायला लागली. सुरुवातीला तिला काही जमेना. गाडी खोकायची, डेन्झिल घशातून "हळू" म्हणायचा आणि लोर्ना म्हणायची, "हळूच करतेय, तू पुढे बघ." मला कपडे पिळताना ऐकू यायचं. मग जमायला लागलं. वर्षभरात तर अशी तरबेज झाली की यूट त्यांच्या दारातून एकदाही न अडखळता निघायची.

एकदा चोक धरला की वॉलरूच्या रस्त्यापर्यंत जावंच लागायचं, आणि तिथून परत पायी कोण येणार? म्हणून तीही धक्क्यावर थांबायची. थर्मासात चहा आणि दोन कप. एवढ्या वर्षांच्या संसारात ती तिथे कधी गेली नव्हती. धक्का त्याचा, स्वयंपाकघर तिचं, असं ठरूनच गेलेलं.

"व्हॅल," ती मला एकदा म्हणाली, "हा इतकी वर्षं तिथे जाऊन काय करायचा ते मला आत्ता कळलं."

"काय करायचा?"

"काहीच नाही गं!" आणि इतकी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "पण तिथे तो बोलतो."

"डेन्झिल? कशाबद्दल?"

"पाण्याबद्दल. वाऱ्याबद्दल." तिने केसांवरून हात फिरवला. "परवा माझ्या केसांबद्दल बोलला."

सत्तरी ओलांडलेली बाई, आणि लाजली. माझा नवरा मेला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेली होते, आणि खरं सांगते, मला त्या दोघांचा हेवा वाटला.

मग ब्रेंटनने त्यांच्यावर दया केली.

ब्रेंटनचं कडीनाला गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवून देण्यात त्याचं नाव आहे, ॲडलेडहून माणसं येतात त्याच्याकडे. पोरगा सोन्यासारखा. फक्त माणसाच्या आत काय चाललंय ते ऐकायचं यंत्र देवाने त्याच्यात बसवलेलं नाही. एका सकाळी तो लवकर आला होता, त्याने आईला गारठ्यात गाऊनवर खोकत गाडीत चढताना बघितलं. फादर्स डेला, आमच्याकडे तो सप्टेंबरात थंडी सरताना येतो, तो एक खोकं घेऊन हजर.

"डॅड, हे तुला. आणि मम, खरं म्हणजे हे तुलाच. आता थंडीत उठायची कटकट बंद!"

पुढचे शनिवार-रविवार तो त्यांच्या शेडमध्ये राबत होता. मी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक घेऊन गेले होते, म्हणजे बघायला मिळावं म्हणून. कार्ब्युरेटर निघाला, काळा आणि तेलकट. त्या जागी चकचकीत नवा डबा बसला, धुराच्या नळीत एक सेन्सर गेला, टाकीत नवा पंप.

"हा जुना म्हणजे नुसता नळ, आंटी व्हॅल," ब्रेंटन हात पुसत मला समजावत होता. "हे नवीन यंत्र हवा किती, गारवा किती ते बघतं आणि तेवढंच पेट्रोल सोडतं. वर चालवता चालवता स्वतःच शिकतं. आठवड्यात तयार!"

"मला वर्ष लागलं," लोर्ना म्हणाली.

"तू आता रिटायर, मम!"

तो हसला, मीही हसले. मग त्याने चोकचं बटण तारेसकट ओढून काढलं आणि भोकाला काळं रबरी बूच बसवलं. लोर्ना त्या बुचाकडे बघत राहिली.

डेन्झिल आत बसला. किल्ली फिरवली. टाकीतला पंप जरा गुणगुणला आणि इंजिनाने लागलीच धरलं. ना खोकणं, ना धूर. ब्रेंटन बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बघायचा तसा.

"बरं झालं," डेन्झिल म्हणाला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "आता तू झोप खुशाल."

"सुटले बाई!" लोर्ना म्हणाली.

आता मला कान आहेत. दोघांच्याही आवाजात आनंद नव्हता. पण ते त्यांचं त्यांनी बघावं, मी माझी लॅमिंग्टनची ताटली उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून डेन्झिल एकटा जायला लागला. यूटमध्ये बसायचा, इंजिन चालू करायचा आणि तसाच बसून राहायचा. माझे मशीनभर कपडे पिळून व्हायचे तरी त्याचं इंजिन दारात घुरघुरतच असायचं. मग जायचा. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या नवऱ्याने जन्मभर तेच केलं, या गावातल्या प्रत्येक पुरुषाने तेच केलं. इंजिन तापल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

लोर्नालाही नवल वाटलं नाही. कुंपणाशी कपडे वाळत घालताना तिनेच विषय काढला.

"तो इंजिन तापवत असतो तोवर मी स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या बेसिनशी उभी असते," ती म्हणाली. "कोट घालून."

"कोट घालून कशाला?"

ती उशीचा अभ्रा झटकत राहिली.

"अगं मग जा की! डावीकडचं दार काय त्याने खिळे मारून बंद केलंय?"

"काय म्हणून जाऊ? चोक तर नाही आता."

"बायको म्हणून जा."

"त्याने एकदा नुसतं खिडकीकडे बघितलं ना व्हॅल, तरी जाईन मी. तो समोर बघत बसतो. त्याला बिचाऱ्याला आपली जागा परत मिळाली. मीच घुसले होते तिथे."

"विचार त्याला."

"आणि नको असताना 'ये' म्हणाला तर? मग मी तिथे बसून काय करू?"

"तू भरून देतेस त्या थर्मासाबरोबर दोन कप ठेव. बघ काय करतो."

"तो म्हणाला तर ठेवीन," लोर्ना म्हणाली, आणि चिमट्यांची टोपली उचलून आत गेली. बोलून चालून पॅस्कोंचीच सून.

पुढच्या थंडीत तिच्या छातीने दगा दिला. वॉलरूच्या इस्पितळात नेलं. आठवडाभर डेन्झिल तिच्या पलंगाशी बसून होता. तो काय बोलला, काही बोलला का, मला माहीत नाही. नर्स म्हणाली, हात धरून होते. त्याच आठवड्यात लोर्ना गेली.

दफनानंतर चर्चमागच्या हॉलमध्ये चहा आणि खिमा-बटाटा भरलेल्या पेस्टी होत्या. लोर्नाच्या पेस्टीसारखी एकीचीही नव्हती. ब्रेंटन माझ्या शेजारी येऊन बसला, डोळे सुजलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुझ्या बापाकडे लक्ष ठेव हं. आता सकाळी एकटाच इंजिन तापवत बसेल."

"काय तापवत बसेल?"

"इंजिन. रोज बसतो ना, केवढा वेळ."

"छे! ते तापवावं लागत नाही, आंटी व्हॅल. इंजेक्शन आहे ते. किल्ली फिरवायची आणि निघायचं. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"त्याला कळलं नसेल."

"कळलं. आठवडाभराने मी विचारलं, तर म्हणाला, बर्फ पडला तरी लगेच पळेल."

मी पेस्टी ताटलीत ठेवली. उठले आणि बाहेर आले.

डेन्झिल बाहेर यूटमध्ये बसला होता. सूट, टाय, आणि समोर नजर. मी उजवीकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"डेन्झिल, रोज सकाळी इंजिन चालू करून काय करत बसायचास तू?"

त्याने स्टिअरिंगची मूठ पकडली. मला वाटलं, आज तीनही शब्द संपलेले दिसतात.

"थांबायचो," तो म्हणाला.

"कशाला?"

"ती येईल म्हणून."

"अरे मग हाक मारायची! नाहीतर हॉर्न वाजवायचा!"

"हॉर्न मेंढरांना वाजवतात." त्याने तोंड पुसलं. "तिची झोप झाली नव्हती, व्हॅल. वर्षभर. माझ्यापायी. आणि सुटले म्हणाली." मग म्हणाला, "कप एकच ठेवायची."

त्या क्षणी मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली, जिवंत असलेल्याच्याही आणि गेलेलीच्याही. आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. कोट, बेसिन, खिडकी, सगळं. सांगावं की नाही याचा विचार केला नाही. ते त्याचं होतं, माझ्याकडे ठेवून मी काय करणार होते?

डेन्झिल रडला. उजवा हात वळवून त्याने डावीकडच्या त्या रबरी बुचावर अंगठा ठेवला आणि तसाच रडला. डोळे पुसायला एकच हात होता, आणि तो त्याने तिथून काढला नाही.

महिन्याभराने पुन्हा फादर्स डे आला. ब्रेंटन केक घेऊन आला, मलाही बोलावलं. बापाची समजूत काढावी तशा आवाजात त्याने विचारलं, "डॅड, यंदा काय हवंय तुला?"

"जुना कार्ब्युरेटर आहे?"

"आहे, शेडमध्ये. का?"

"परत बसव. चोकसकट."

ब्रेंटन आधी हसला. मग त्याने समजावून बघितलं, की एवढं चांगलं चालतंय, एका हाताने चालवता येतंय, ते काढून काय मिळणार. डेन्झिल ऐकून घेत होता. शेवटी ब्रेंटनचा धीर सुटला.

"अरे पण डॅड, चोक कोण ओढणार?"

"तेच तर," डेन्झिल म्हणाला.

ब्रेंटन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बसव."

त्याने बसवला. आता रोज सकाळी डेन्झिल कोट घालून यूटमध्ये जाऊन बसतो. किल्ली फिरवत नाही. डावीकडचं दार उघडं ठेवतो, आणि घराच्या खिडकीकडे बघतो. मी माझी खिडकी लावून घेते.