बटणाला आलेला दात

सभागृहात शेदोनशे माणसं तोंड उघडून बसली होती. ही नुसती बोलण्याची रीत नव्हे, खरोखरच उघडून बसली होती, कारण दातबाबांची कृपा कधी कोणावर होईल याचा नेम नव्हता.

बाबा एकेकाला पुढे बोलावत, त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधत, त्याच्यासकट स्वतःवर शाल ओढून घेत आणि किडक्या दाताला भस्म लावत. मग शालीतून निळा उजेड झिरपे आणि टिंग असा बारीक आवाज येई. तो म्हणे विश्वाचा नाद. पट्टी सुटली की समोर आरसा. काळं भोक गायब आणि दात पांढराशुभ्र!

"आम्ही दात बसवत नाही, उगवून देतो," बाबा सांगत. "फक्त डॉक्टरचं हत्यार लागू देऊ नका. लोखंड लागलं की कृपा उतरलीच."

मागच्या रांगेत बसलेल्या शिवणवाल्या ताईच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. त्या काळ्या पट्ट्या तिच्याच दुकानात शिवल्या होत्या. बाबांचा शिष्य बजावून गेला होता की कापड जाड हवं, अस्तर दुहेरी हवं, उजेडाची तिरीपसुद्धा आत येता कामा नये. देवाचा उजेड भक्ताला दिसला तर बिघडतं काय, हे तिला काही केल्या उमगेना.

एरवी तिने कानाडोळा केला असता. पण तिच्या धाकट्या बहिणीची दाढ बाबांनी 'उगवून दिली' होती. ठणका थांबला तेव्हा धाकटीने गल्लीभर बाबांचे गोडवे गायले. नंतर गाल सुजला, ताप भरला, आणि आता सूज डोळ्याकडे सरकत होती. आईने विनवलं, नवरा चिडला, पण ती ढिम्म हलेना. बाबांच्या मते कीड बाहेर पडत होती.

"मला डॉक्टरकडे ओढून नेलंस तर दाढ जाईल," तिने ताईला सुनावलं. "आणि ती तुझ्यामुळे जाईल."

ताई घाबरली होती. तिने एक पट्टी पातळ कापडाची, बिनअस्तराची शिवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच बाबांपुढे जाऊन बसली. "माझी पट्टी मीच शिवून आणलीय, सेवा म्हणून," असं म्हटल्यावर बाबा खूश झाले. वर्षानुवर्षं दातांनी धागा तोडून तिच्या पुढच्या दाताला खाच पडली होतीच. पट्टीआडून तिला सगळं दिसलं. भस्म नावालाच होतं. बाबांनी एका नळीतून पांढरा लगदा पिळून खाचेत दाबला, नाकावर नारिंगी चष्मा चढवला आणि झग्यातून विजेरीसारखं यंत्र काढलं. टिंग वाजलं ते त्या यंत्रातच.

तिथून ताईने थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. ऐकून बाई आधी हसल्या, पण धाकटीची सूज कुठवर आलीय ते कळल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"तो आमचाच दात भरायचा लगदा, निळ्या उजेडानं घट्ट होतो. पण कीड न काढता वरून बुजवलंय," त्या म्हणाल्या. "आतली नस मेली, म्हणून ठणका थांबला. आता पू कोंडलाय. आजच्या आज मोकळा करायला हवा, नाहीतर जिवावर बेतेल."

"माझं ती ऐकणार नाही, बाई. डोळ्यांनी बघेल तेव्हाच पटेल तिला."

संध्याकाळी दोघी सभागृहात शिरल्या. धाकटी पहिल्या रांगेत गाल धरून बसली होती. ताईने सदऱ्याचं एक कड तुटलेलं बटण सगळ्यांना दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी तुटकी कड खरवडली, लगदा लावला, उजेडाकडे टक लावू नका असं सांगितलं आणि आपलं यंत्र धरलं. निळा उजेड पडला, टिंग वाजलं. बटण अख्खं झालं आणि हातोहात फिरू लागलं.

"ही आसुरी विद्या आहे!" बाबा गरजले. "आमच्याकडे श्रद्धेनं दात उगवतो."

"मग या बटणाची श्रद्धा कधीपासून होती, बाबा?" ताईने विचारलं.

कोणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसू लागलं. धाकटी मात्र हसली नाही. ती धडपडत उठली.

"बाबा, माझ्यावर पुन्हा कृपा करा," ती म्हणाली. "पण या खेपेला पट्टी नको. मला बघायचंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं, आणि आपली ध्यानाची वेळ झाल्याचं त्यांना एकाएकी आठवलं. यंत्र झग्यात कोंबून त्यांनी मागच्या दाराने पोबारा केला. धाकटी रडायला लागली. ताईने तिला धरून दवाखान्यात नेलं, आणि पू निघाला तशी ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

पुढे औषधं झाली, दाढ आतून साफ झाली आणि शेवटी भरायची वेळ आली. बाईंच्या हातात तोच पांढरा लगदा आणि तोच निळा दिवा बघून धाकटी बिचकली.

"म्हणजे बाबांनी लावलं तेच?"

"तेच. लगदा खराच आहे, खोटा होता तो सांगणारा. आपण कीड काढून मग भरतोय. हा चष्मा लाव, आरसा धर आणि बघत राहा. काही कळलं नाही तर विचार."

धाकटीने एकदा नव्हे, दहादा विचारलं. बाईंनी दर वेळी हात थांबवून उत्तर दिलं.

आपणही एवढंच करावं. समोरचा डॉक्टर असो की बाबा, काय करतोस आणि कसं करतोस हे खुशाल विचारावं. आणि जो आपल्याला डोळे झाकायला लावतो, त्याच्यापुढे तोंड उघडू नये.