ऑर्डरीचे वाकडे टाके

थोरलीला कल्पना सुचली की घरातले बाकीचे दाराकडे बघू लागतात, कारण आपली कल्पना थोरली कधीच एकटी राबवत नाही. यंदा वर्षअखेरच्या सुट्टीला दीड महिना असतानाच तिने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं आणि जाहीर करून टाकलं की या वर्षी विकतचं काही नाही. सजावट घरात करायची, भेटवस्तू घरात करायच्या, सगळं आपापल्या हातांनी. "वस्तू काय, कुणीही देतं. वेळ द्या, वेळ!" असं ती म्हणाली. हे वाक्य तिने कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं, आणि तो व्हिडिओ बघायला तिने भरपूर वेळ दिला होता, हे मान्य करायला हवं.

चिठ्ठ्या टाकल्या. घरात माणसं सहा. सासूबाई, थोरले दीर आणि थोरली, धाकटा आणि त्याची बायको धाकटी, शिवाय वरच्या मजल्यावर एकटी राहणारी नणंद. ज्याच्या हाती ज्याचं नाव येईल त्याने त्याच्यासाठी काहीतरी बनवायचं आणि शेवटच्या दिवसापर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असा नियम ठरला.

धाकटी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे आणि बावीस वर्षं ती लोकांच्या विजारी आखूड करतेय, झगे सैल करतेय, अस्तरं बदलतेय. हाताने काहीतरी करण्यात एवढं साजरं करण्यासारखं काय आहे, हे तिला कळेना. ती तर जेवणापुरती उठते ते सोडलं तर दिवसभर तेच करते. पण चिठ्ठ्यांचा वाडगा फिरत होता तेव्हा तिच्या मनात एक हाव जागी झाली, आणि तिचा तिलाच राग आला. अख्ख्या घराने तिच्या हातचं अंगावर घातलेलं होतं. तिच्यासाठी मात्र आजवर कुणी साधं बटणही लावलं नव्हतं. आता उरलेल्या पाचांपैकी कुणाच्या तरी हातात तिचं नाव होतं. तिला ती वस्तू हवी होती. कशीही चालली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरले दीर आले. ते विम्यात आहेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट मागताना आधी दहा मिनिटं संकटांबद्दल बोलतात. शेवटी मुद्द्यावर आले. त्यांना सासूबाईंचं नाव आलं होतं आणि उशीचा अभ्रा करायचं त्यांच्या मनात होतं.

"कापड मी आणलंय," ते म्हणाले. "म्हणजे निम्मं काम झालंच. तू फक्त शीव."

"भाऊजी, नियम आहे ना?"

"नियम आहे म्हणूनच सांगतोय. थोडं वाकडं शीव. म्हणजे मी केल्यासारखं वाटेल."

दुसऱ्या दिवशी नणंद उतरून आली. नणंद दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या हिरड्यांना टाके घालते.

"ताई, तुला तर टाके येतात," धाकटी म्हणाली.

"अगं, माणसाचं बरं असतं, ते आपोआप भरून येतं. कापड भरून येतं का?" एवढं बोलून तिने थोरलीसाठी, चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायच्या टोपीचं कापड मशीनवर ठेवलं आणि जाता जाता बजावलं, "फार सफाईदार नको हं. पकडली जाईन."

आठवड्याने सासूबाई आल्या. त्यांना धाकट्याचं नाव आलं होतं. डोळ्यांना दिसत नाही, हात थरथरतात, गुडघे दुखतात, असं त्यांनी सांगितलं. चष्म्याचं घर शिवायला गुडघ्यांचा काय संबंध, हे विचारायची धाकटीची टाप नव्हती. सासूबाई जाताना प्रेमाने म्हणाल्या, "टाके जरा हललेले घाल हो. माझ्यासारखे."

आणि त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने, इकडे तिकडे बघत कोण यावं? खुद्द थोरली. केसांत डिंक, हातात नणंदेसाठी बेतलेल्या पिशवीचं कापड.

"माझा सगळा वेळ सजावटीतच जातोय गं," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिने आतापर्यंत जुन्या मासिकांच्या चाळीस हात लांब साखळ्या केल्या होत्या, अंड्यांच्या कवचांना रंग दिला होता आणि एक पुठ्ठ्याची चांदणी केली होती. ती भिंतीवर कुठूनही बघितली तरी लंगडत होती. "कुणाला कळू देऊ नकोस बाई. कल्पना माझी आहे, मलाच जमलं नाही असं दिसलं तर कसं?"

धाकटी कुणाला नाही म्हणाली नाही. तिला नाही म्हणता येत नाही असं नव्हे. गिऱ्हाइकांना ती दिवसातून चारदा नाही म्हणते. पण या कामात तिला लबाडीची गोडी लागली. सरळ टीप कुणीही घालेल. वाकडी घालायला मात्र माणूस ओळखावा लागतो. नवखा माणूस शिवतो तेव्हा सुरुवातीचे टाके बारीक, घाबरलेले असतात. मग त्याला वाटतं जमलं, आणि टाके लांब होतात. कोपऱ्याशी आला की त्याची गाळण उडते आणि तिथे दोऱ्याचा गुंताच होतो. दिरांच्या अभ्र्याला तिने ऐसपैस, आत्मविश्वासाने चुकलेले टाके घातले. नणंदेच्या टोपीला डॉक्टरी गाठी मारल्या, प्रत्येक टाका वेगळा बांधून. सासूबाईंचे टाके थरथरवले. थोरलीची पिशवी तिने फार उत्साहात सुरू केली आणि अर्ध्यात कंटाळल्यासारखी दाखवली. इतकं बारकाईचं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी शाबासकी देणार नव्हतं.

स्वतःला आलेल्या नावाचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, काम तिने एका दुपारी उरकलं. प्रवासात दाढीचं सामान ठेवायची पिशवी, अस्तरासकट.

हे सगळं करताना तिने मनातल्या मनात एक हिशेब जुळवला. दिरांकडे सासूबाई, नणंदेकडे थोरली, सासूबाईंकडे धाकटा, थोरलीकडे नणंद, तिच्याकडे दीर. राहिलं एकच नाव, तिचं. आणि राहिला एकच माणूस, जो मशीनपाशी फिरकला नव्हता. तिचा नवरा.

नवरा लिफ्ट तपासतो. म्हणजे दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्टमधून वर जातो, खाली येतो आणि सही करतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या काळात त्याने हाताने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे ती सही. पण आता सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आतल्या खोलीचं दार लावून घेऊ लागला. एकदा त्याने तिला विचारलं, "सुई किती नंबरची चांगली?" दुसऱ्यांदा ती भाजी घेऊन परत आली तर तो लिफ्टच्या पोलादी टेपने तिच्या खडूची डबी मोजत होता. "सहज," असं म्हणून त्याने टेप सोडली आणि ती सुर्रकन आत गेली.

मग एके दिवशी तिची कापडाची कात्री कापडावर अडखळू लागली. तिने पात्यावरून बोट फिरवलं. कुणीतरी त्या पात्यांनी पुठ्ठा कापला होता. या कात्रीने कागद कापल्याबद्दल तिने एकदा प्रत्यक्ष सासूबाईंना सुनावलं होतं आणि घर आठवडाभर गप्प होतं. आता तिने आतल्या खोलीच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलं. पुठ्ठ्याचे तुकडे होते. कात्री धार लावायला देऊन आली, आणि येताना रस्त्याने चक्क गुणगुणत होती. माणसाला सुख कशाने होईल याचा नेम नाही.

सुट्टीचा दिवस उजाडला. बैठकीच्या खोलीत मासिकांच्या साखळ्यांखालून वाकून जावं लागत होतं. लंगडी चांदणी खुर्चीच्या वर लटकत होती आणि तिच्याखाली बसायला कुणी तयार नव्हतं. भेटी उघडल्या गेल्या. सासूबाईंनी अभ्रा छातीशी धरला. "माझ्या लेकाच्या हातचा! बघा, टाका न् टाका बोलतोय!" थोरल्या दिरांनी नम्रपणे मान खाली घातली. थोरलीने किटलीची टोपी सगळ्यांना दाखवली. "हिच्या गाठी बघा, किती जिव्हाळ्याच्या!" नणंदेने पिशवी खांद्याला लावली आणि थोरली म्हणाली, "रात्र रात्र जागले गं." धाकटी साखळ्यांकडे बघत राहिली.

मग तिची दाढीची पिशवी उघडली. थोरलीने अस्तर उलटून पाहिलं.

"छान आहे," थोरली म्हणाली. "पण विकतची वाटते नाही? तू तरी नियम पाळायचास."

"हाताने केलेल्या वस्तूत जी एक माया असते ना," नणंद म्हणाली, "ती मशीनच्या कामात येत नाही."

धाकटीने हे गिळलं. गिळायला तिच्याजवळ कारण होतं, कारण आता तिचा नवरा तिच्यापुढे एक पुडकं धरून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

आतून अंगावर बांधायचा एक एप्रन निघाला, शिवणकामाच्या वेळी घालायचा. त्याला सात खिसे. एक खडूच्या डबीचा, एक टेपचा, एक दोऱ्यांचा, एक कात्रीचा, तिरका, म्हणजे बसताना टोचू नये म्हणून. प्रत्येक खिसा त्या त्या वस्तूच्या मापाचा. तिचं कुठे काय असतं, ती कुठल्या हाताने काय उचलते, हे सगळं कुणीतरी बघितलेलं होतं. तिने खिशाच्या कडेवरून बोट फिरवलं.

टाके वाकडे होते. पण कसे वाकडे! तीन सरळ, चौथा वाकडा. तीन सरळ, चौथा वाकडा. सातही खिशांना, वरपासून खालपर्यंत, रांगेत. नवखा माणूस असा चुकत नाही. अशी शिस्तीत चूक करणारा या भागात एकच होता, कोपऱ्यावरचा शिंपी, मास्तर. जन्मभर सरळ टिपेशिवाय ज्याने काही केलं नाही, आणि ज्याच्या कामाला ती रोज जेवताना नावं ठेवते. तिने एप्रन उलटा केला. आतल्या बाजूला गाठ तिहेरी होती. मास्तरचीच.

"घाल ना, घाल!" सगळे ओरडले. तिने घातला. मागून नणंदेने नाड्या बांधल्या. अगदी मापात बसला होता.

"मी खडू आणते," असं म्हणून ती पुढच्या खोलीत गेली. नवरा मागोमाग आला. त्याने दार लोटलं.

"आवडला?"

"मास्तरला काय सांगितलंस? थोडं वाकडं शिवा म्हणून?"

नवरा मशीनच्या बाकड्यावर बसला. "तुला कसं कळलं?"

"चार वस्तू मी वाकड्या शिवल्यात या घरात. बाहेर जे गहिवरलेत ना, ते सगळे माझ्यावरच गहिवरलेत." तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याचा राग आला. "मला वाटलं होतं, तू तरी. माझी कात्री बोथट केलीस तरी मी बोलले नाही. मला वाटलं, करतोय बिचारा."

"पुठ्ठे मीच कापले," तो म्हणाला. "खिसे मीच मोजले. तीनदा मोजले. शिवायलाही बसलो होतो, अगदी खरं. सुईत दोराच जाईना. आणि तू शिवतेस तेव्हा मी बघतो ना. तुझ्यापुढे माझे टाके ठेवायची लाज वाटली."

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला सुईची भीती वाटते, हे तिला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं. तिने बटणांच्या डबीतून एक मोठं तपकिरी बटण काढलं आणि त्याच्या शेजारी बाकड्यावर बसली. एप्रनच्या सगळ्यात खालच्या खिशाला बटण नव्हतं. मास्तर बटणं विसरतोच.

"हे लाव."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने दोरा ओला केला. सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूने गेला. परत गेला. सहाव्यांदा आत गेला तेव्हा त्याने मुलाला शाळेत प्रवेश मिळाल्यासारखा श्वास सोडला. मग एप्रनचा खालचा भाग आपल्या मांडीवर ओढून घेतला, बटण ठेवलं आणि जीभ दातांत धरून खुपसाखुपशी सुरू केली. पहिले टाके बारीक, घाबरलेले. मग एक भलताच लांब. मग गुंता. धाकटीचे हात शिवशिवत होते. ते तिने मांडीखाली दाबून ठेवले. तो चुकतोय हे तिला प्रत्येक टाक्याला दिसत होतं, शेवटची मोठी चूक तर स्वच्छ दिसत होती. पण तिने ती होऊ दिली. त्याने दोरा दातांनी तोडला.

"झालं!" तो म्हणाला आणि उठला. एप्रन त्याच्याबरोबर उठला, आणि एप्रनबरोबर धाकटी. बटण एप्रनमधून थेट त्याच्या पँटला शिवलेलं होतं.

"अरे देवा," तो म्हणाला. "उसव, उसव लवकर."

धाकटी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"मी लावलेलं आहे ते," तो ओशाळून म्हणाला. "म्हणून उसवायचं नाही, असं काही नाही."

बाहेरून थोरलीची हाक आली, फोटो, फोटो, सगळे जण भेटी घेऊन या. धाकटीने कात्रीला हात लावला नाही. ती निघाली, म्हणून त्यालाही निघावं लागलं. दोघं दारातून तिरके होऊन बाहेर आले आणि साखळ्यांखालून एकदमच वाकले.

थोरलीने फोन डोळ्यांशी धरला, कपाळाला आठी घातली.

"अरे, तुम्ही दोघं काय असे चिकटून उभे? जरा लांब व्हा ना. ती इकडे, तू आईच्या पलीकडे."

"नाही जमणार, वहिनी," धाकटी म्हणाली.