मारवेलाची मोजणी

खर्ड्याजवळच्या गायरानात कुणी परकी बाई दोन दिवस वाकून वाकून हिंडतेय म्हटल्यावर आक्काबाई साळवेच्या जिवाला घोर लागला. का लागू नये? नवरा सहादू गेला तो ह्याच गायरानातला दीड एकर मागं ठेवून. दोघांनी दगड वेचून तिथं जोंधळा पिकवला, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. नव्वद सालाआधीपासून कसताय, तर पुरावा आणा, म्हणत कचेरीनं तिला तीन वर्षं चपला झिजवायला लावल्या होत्या.

बाईचं नाव विजयमाला, राहुरीहून आलेली. आक्काबाईनं आडून आडून विचारलं, "काय काम काढलं, बाई?"

"मोजणी करायचीय, मावशी."

झालं. मोजणी म्हणजे आधी खुणा, मग नोटीस, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात बाईनं आक्काबाईच्या बांधावरच्या मारवेल गवताच्या ठोंबाला लाल दोरा बांधला, उद्या येते म्हणाली आणि गेली. आक्काबाईनं मागचा पुढचा विचार केला नाही. कुदळ घेतली, ठोंब मुळासकट उपटला आणि शेळीपुढं टाकला. बस म्हणावं आता शोधत.

सकाळी विजयमाला खड्ड्यापाशी मटकन बसली. "अहो मावशी, जमीन नव्हती मोजायची. गवताच्या पेशीत बारीक धागे असतात, गुणसूत्रं. ती मोजली की कुठलं गवत कुणाचं नातलग ते कळतं. मारवेलात बहुतेक वीस नाहीतर चाळीस. इथल्यात साठ भरली होती. पुन्हा मोजल्याशिवाय कुणी खरं मानत नाही."

"इथल्यात? कवा मोजली हुती?" आक्काबाईचा संशय काही हटेना.

विजयमालानं फाईलमधून जाड कागद काढला. त्यावर वाळकं गवत चिकटवलेलं, खाली चिठ्ठी. "आमच्या कृषी विद्यापीठातल्या सरांनी इथूनच नेलं होतं," म्हणत तिनं वाचलं, "सहादू साळवे यांच्या जोंधळ्याच्या बांधावरून, ऑक्टोबर १९८८." खाली सही-शिक्का होता.

"परत वाचा."

तिनं परत वाचलं. आक्काबाईला रडूच फुटलं. कचेरीला हवा तो पुरावा एका वाळक्या गवताखाली पाच वर्षं पडून होता, आणि त्याच बांधावरचं गवत तिनं शेळीला चारलं होतं. ती तशीच घराकडं पळाली. शेळीनं पाला संपवला होता, पण चार मुळं मातीत तुडवलेली सापडली.

"लावली तर फुटतील," म्हणत मागोमाग आलेल्या विजयमालानं हात पुढं केला.

आक्काबाईनं मुळांवरची मूठ उघडली नाही.

"तुमची मोजणी हुईस्तवर," ती म्हणाली, "त्यो कागुद माज्यापाशी ऱ्हाईल."