बास कोनी वाजवला

अभिषेकले साऱ्या हॉलसमोर तोंडघशी पाडाचं, एवढंच मले पायजे होतं. त्यासाठी मी आठ दिवस त्याच्याशी गोड बोलली.

अभिषेक आमचा पियानोवाला. पुसदच्या मधुसूदन वकिलाचा पोरगा. ओम ड्रमवर, अन् मी बासवर. बास म्हंजे माह्याहून उंच तंतुवाद्य, उभं धरून बोटानं वाजवाचं. नागपूरले नर्सिंग शिकत होती तवा चर्चमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरानं शिकवलं, अन् मरता मरता बास मलेच देऊन गेला. एसटीत चढवला की कंडक्टर हमखास विचारे, "बाई, याचं फुल्ल फाडू का हाफ?"

तीन वर्षं आम्ही तिघं जॅझ वाजवून राह्यलो. साधं, सरळ चालीचं, ना कॉम्प्युटर ना कायी. त्यात बासचं काम चालत राह्याचं. पियानोनं वर कितीबी उड्या माराव्या, खाली पाय टेकाले कायीतरी लागते ना! ते मी. मे महिन्यात अभिषेकच्या घरी अल्बम रेकॉर्ड झाला. पंख्याचा आवाज येते म्हनून पंखे बंद. पुसदचं ऊन, चार दिवस, सात ट्यून. बोटाले फोड आले, फुटले, मी पट्ट्या बांधून वाजवलं.

अन् कव्हर छापून आलं. 'पियानो आणि बास: अभिषेक. ड्रम: ओम.' मी तीनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं अंजू," अभिषेक म्हने, "एकच माणूस दोन वाद्यं वाजवतो म्हटलं की लोकांवर छाप पडते. तू काय, आपलीच आहेस."

आपलीच! वा रे वा! आयत्या बिळावर नागोबा! थोबाडीत देनार होती, नाही देली. म्हटलं, "हाव दादा, बरोबर हाय तुमचं. पन प्रकाशनाले तुम्ही पियानोवर बसान. बास कोन वाजवीन?"

"तू ये ना साथीला," तो म्हने. मले हेच पायजे होतं.

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. पुढं वकीलसाहेब अन् अभिषेकची माय रत्नप्रभाकाकू. मागच्या रांगेत माही याडी, म्हंजे माय, मोतीबाई, आमच्या बंजारा तांड्यावरच्या पाच-सहा बाया घेऊन. अभिषेकनं माइकवर सांगतलं, "अल्बममध्ये बासही मीच वाजवलाय. आज साथीला अंजू आहे." माह्या याडीनं माह्याकडे पाह्यलं. मी दात खाऊन उभी होती.

पह्यले दोन ट्यून मी जीव ओतून वाजवले. काहून? त्याले आधी लय उंच चढू द्याचं होतं म्हनून. तिसऱ्यात माही बारी आली. आमच्यात रीत हाय, बास एकटा बोलाले लागला की पियानोवाल्यानं हात मांडीवर घ्याचे, ड्रमवाल्यानं गप्प बसाचं. बासनं बोलावल्याबिगर कोनी मधात शिरत नाही. मी आठ-दहा सूर वाजवले अन् थांबली. बास उचलला अन् पियानोपाशी नेऊन उभा केला.

"दादा, हे तं अल्बमात तुम्हीच वाजवलं हाय. लोकायले आयकू द्या."

तो हसला. मी नाही हसली. पुढच्या लोकायनं टाळ्या पिटल्या, "वाजव अभिषेक, वाजव!" सगळ्यात जोरात रत्नप्रभाकाकूची टाळी. आता नाही कसं म्हननार? त्यानं बास धरला. डावा हात कुठं ठेवाचा ते समजेना. एक तार ओढली, भद्द झालं. दुसरी ओढली, बोट सटकलं. कोनीतरी फिसकन हसलं. वकीलसाहेब चष्मा काढून पुसत बसले. खरं सांगते, मले लय बरं वाटलं. जेवन झाल्यावानी बरं वाटलं.

"तू वाजव ना," तो हळूच म्हने. "पुढच्या छपाईत तुझं नाव टाकतो."

"पुढच्या नाही. आत्ता. माइकवर सांगा, बास कोनी वाजवला."

घामाघूम झाला. बास कवटाळूनच माइकपाशी सरकला. "अल्बममधला बास... अंजूनं वाजवलाय."

"पुरं नाव सांगा, दादा."

अन् बापाऽऽ, तो थबकला! तीन वर्षं माह्या बोटाच्या भरोशावर वाजवलं यानं. याच्या फोनात मी 'अंजू बास'. मंग एकदम त्याचं तोंड उजळलं. तांड्यावरची पोरगी हाय म्हंजे दुसरं काय असनार! ठासून म्हने, "अंजू राठोड!"

मागची रांग खो खो हसली. बायायनं पदर तोंडाले लावले. माही याडी तेवढी हसली नाही. उठून उभी राह्यली अन् तिथूनच वरडली, "राठोड मी हावो, माहेरची! पोरगी आडे हाय! अंजू देवीलाल आडे!"

हॉलातलं एकूनएक डोकं मागं वळलं, मंग पुन्हा पुढं, अभिषेककडे. त्यानं माइक तोंडाजवळ घेतला अन् मान खाली घालून नाव घेतलं.

मी त्याच्या हातातून माहा बास काढून घेतला.

"आयकू नाही आलं, दादा," मी म्हटलं. "अजून एकडाव."